मॉडेल रेल्वेच्या फोटोला महागडा कॅमेराच हवा?

हा समज जुना आहे आणि चुकीचा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, 174 सेंटिमीटरचा माणूस जेमतेम 2 सेंटिमीटर उरतो. इतक्या जवळून मोठ्या सेन्सरवर इंजिन स्पष्ट येतं, मागचं स्टेशन धूसर. ही धूसरताच खेळण्याची चुगली करते. फोनचा सेन्सर छोटा, म्हणून तेवढ्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला) तो जास्त खोलीपर्यंत स्पष्ट टिपतो. शिवाय फोन थेट रुळांवर ठेवता येतो. मोठ्या कॅमेऱ्यात धूसरता घालवायला अ‍ॅपर्चर एफ 22 पर्यंत बारीक केलं, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फोटो काढा, सॉफ्टवेअरने जोडा. आणि आधी धूळ झटका! फोटोत तिचा कण दगडाएवढा दिसतो.