पदवीनंतरचे तासही धरतात

अमेरिकेतल्या मराठी घरांत हमखास ऐकू येतं: ‘कॉलेज संपलं, आता केलेलं मेडिकलच्या अर्जात धरत नाहीत.’ धरतात. ॲमकॅसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल स्कूलसाठीच्या सामायिक अर्जात काम, सेवा, छंद अशा अनुभवांच्या 15 नोंदींची जागा असते, प्रत्येकीला स्पेससकट 700 अक्षरं. त्यातल्या तीन निवडून आणखी 1,325 अक्षरं लिहिता येतात. तारखा पदवीआधीच्याच हव्यात अशी अट कुठेही नाही. झालेले आणि पुढे होणारे तास मात्र वेगवेगळे भरायचे.

घोटाळा होतो तो इथेच. अर्ज जूनच्या सुमारास जातो. एप्रिलमध्ये हॉस्पिसला (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेला) नाव घातलं, तर ‘झालेले 20, होणारे 300’ असं दिसतं आणि वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. आदल्या उन्हाळ्यातच सुरू करा: आठवड्याला 4 तास, 45 आठवडे, झाले 180. स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याची, पगारी नोकरीही चालते. सगळं फुकटच करायला हवं असं नाही.

आणि सुट्टीत पुण्याला मामांच्या हॉस्पिटलात ‘दोन टाके घातले’ हे कौतुकानं लिहू नका. प्रशिक्षणाविना रुग्णाला हात लावणं हा मेडिकल स्कूलच्या नजरेत दोषच. डॉक्टरांसोबत राहून नुसतं पाहिलं असेल तर शॅडोइंग म्हणून लिहा. देखरेख करणाऱ्यांचा फोन, ईमेल तेव्हाच टिपून ठेवा. अशा नोंदींना संपर्क विचारतात.