थर्मासमध्ये दूध नको, पाणी ठेवा

भाचीच्या बाळाला बघायला गेले होते. बाळ तीन आठवड्यांचं, दिवस पुरे भरायच्या आधीच जन्मलेलं. आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध म्हणून डब्यातली पावडर लिहून दिली होती. रात्री दहा वाजता भाचीने तीन वेळचं दूध एकदम कालवलं, स्टीलच्या थर्मासात ओतलं आणि झाकण घट्ट फिरवत म्हणाली, "मावशी, रात्रीची कटकट गेली बघ. बारा, तीन आणि सहा."

माझी नोकरी प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यात गेली. तिथे आम्ही प्रथिनं आणि साखर असलेलं पातळ द्रव्य घ्यायचो, ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचो आणि घरी जायचो. सकाळपर्यंत काम झालेलं असायचं. त्यामुळे ओट्यावरचा तो थर्मास मला फारच ओळखीचा वाटला.

"पण मी पाणी उकळलं होतं, बाटली उकळली होती," भाची म्हणाली. खरंच उकळलं होतं. उकळली नव्हती ती पावडर.

सीलबंद डबा, चकचकीत पत्रा, आत पांढरीशुभ्र पावडर. हे सगळं निर्जंतुकच असणार असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं. कारखान्यात दूध तापवतात, गरम हवेत फवारून सुकवतात, पण त्यानंतर भरताना किंवा नंतर मिसळलेल्या घटकांतून एखाद-दुसरा जंतू शिरू शकतो. आणि कोरड्या पावडरीतले जंतू उष्णतेला सहजी दाद देत नाहीत. ते सगळे मरतील इतकी पावडर तापवली तर ती बाळाला देण्याजोगी राहणार नाही. त्यातला काळजीचा जंतू म्हणजे क्रोनोबॅक्टर साकाझाकी, रिइची साकाझाकी या जपानी जंतुशास्त्रज्ञाच्या नावाचा. कोरड्या पावडरीत तो दोन वर्षांहून जास्त काळ तग धरतो. २००१ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं एक बाळ याच जंतूमुळे झालेल्या मेंदूज्वराने गेलं आणि त्याचा माग पावडरीपर्यंत लागला.

असा आजार फार क्वचित होतो. पण होतो तेव्हा बहुतेक वेळा दोन महिन्यांच्या आतल्या, कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना होतो, आणि जीवघेणा ठरू शकतो. कारखान्यांवर तपासणीचे नियम कडक आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका खेपेतून १० ग्रॅमचे ३० नमुने घेतात आणि एकातही क्रोनोबॅक्टर सापडता कामा नये. म्हणजे तपासली जाते ३०० ग्रॅम पावडर, आणि खेप असते टनांची. म्हणून शेवटचा पहारा आपल्या ओट्यावरच.

आता त्या थर्मासचं गणित. शरीराच्या तापमानाला क्रोनोबॅक्टर साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तासाला तीनदा, सहा तासांत अठरा वेळा. नव्या जागी रुळायला जंतूंना सुरुवातीला थोडा वेळ लागतो, तो सोडून द्या. बाकी एका जंतूचे अठरा दुपटींत अडीच लाखांवर होतात. "कोमट" हा शब्द आपल्याला मायेचा वाटतो. जंतूंनाही तसाच वाटतो.

तोडगा मात्र सोपा आहे: पावडरीवरच गरम पाणी पडू द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका २००७ ची, आणि तिच्यातला कळीचा आकडा ७० अंश. त्याहून गरम पाण्यात कालवलं तर क्रोनोबॅक्टर काही सेकंदांत मरतो. थर्मामीटर लागत नाही. लिटरभर पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. कपभरच उकळलं तर ते भराभर निवतं, म्हणून लिटर. आरओचं असो, बाटलीबंद असो, पाणी उकळायचंच. आरओचं पाणी स्वच्छ असतं, निर्जंतुक नसतं.

इथे एक अडचण येते. बऱ्याच डब्यांवर "पाणी कोमट होऊ द्या, मग पावडर घाला" असं छापलेलं असतं. काही पावडरींत मुद्दाम घातलेले उपयुक्त जिवाणू असतात, ते गरम पाण्याने मरतात. शिवाय भाजण्याचीही भीती असते. माझं मत विचाराल तर नाजूक बाळासाठी ७० अंशच. पण डबा डॉक्टरांसमोर ठेवून एकदा विचारून घ्या.

बाकी कृती चहाइतकीच. हात साबणाने धुवायचे. आधी पाणी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने पावडर घालायची, सुरीच्या पाठीने सपाट करून. जास्त पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. जास्त घट्ट दुधाने कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. डबा संपत आला म्हणून पाणी वाढवायची सवय पुष्कळ घरांत आहे. ती जंतूंइतकीच घातक आहे. मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि लगेच पाजायचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच गरम येतं, तेव्हा भांड्यात बर्फाचे चार खडे टाका.

बाटलीबद्दल एक सांगते: शत्रू लपतो तो निपलच्या आत, दुधाच्या चिकट थरात. ब्रशने घासल्याशिवाय नुसतं उकळून तो थर जात नाही. आपल्या आज्यांचं बोंडलं किंवा वाटी-चमचा या बाबतीत सरस, कारण त्यांना लपायला कोपराच नसतो.

दूध आधी करून ठेवायचंच असेल तर झटपट गार करून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवावं, दारात नव्हे. ५ अंशांखाली ते जास्तीत जास्त २४ तास चालतं. काढल्यावर गरम पाण्यात पंधरा मिनिटांच्या आत कोमट करावं. मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात मधेच चटका बसेल असा भाग राहतो. पावडरीचा डबा मात्र फ्रिजबाहेर, कोरड्या जागी. फ्रिजमध्ये आत-बाहेर केला की आत ओल धरते.

त्या रात्री आम्ही थर्मास रिकामा केला, घासला आणि त्यात उकळतं पाणी काठोकाठ भरलं. चांगल्या थर्मासात ते काही तास ७० अंशांच्या वर राहतं. शेजारी झाकणाच्या कोरड्या डब्यांत मोजलेली पावडर. बाराला आणि तीनला नुसतं कालवायचं, निववायचं, पाजायचं. सहाला नवं पाणी उकळायचं. उठणं काही टळलं नाही, पण चार-पाच मिनिटांचंच काम होतं.

तीनच्या फीडला बाळाने निम्मंच प्यालं आणि झोपलं. दोन तास उलटले की असं उरलेलं दूध बाळाला द्यायचं नसतं, परत गरम करूनही नाही. भाचीचा हात बेसिनकडे जाईना, डबा काही स्वस्त नसतो. शेवटी साडेपाचला मी ते माझ्या चहात ओतलं आणि चांगली उकळी आणली. चहा अंमळ गोडच झाला.