२८ दिवसांची गोळी आणि आड येणारं अँटासिड

लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात पोचलेल्या व्यक्तीला ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणायची सवय अजून पुरती गेलेली नाही. कायद्यात अशी अट कुठेही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार ताबडतोब आणि मोफत करायचे. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम. या ताटकळण्यात एचआयव्ही रोखण्याचे तास हातचे जातात. प्रतिबंधक औषध, म्हणजे पीईपी, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावं लागतं.

विषाणू शरीरात गेला म्हणजे लगेच कायमचा संसर्ग झाला, असं नसतं. तो सीडी४ या रोगप्रतिकारक पेशीत शिरतो. त्याचा जनुकीय मजकूर असतो आरएनएत. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर त्याची डीएनए प्रत काढतं, आणि इंटिग्रेज हे दुसरं विकर ती प्रत आपल्या गुणसूत्रात शिवून टाकतं. ही शिवण पुढे उसवता येत नाही; ती पेशी जगेल तोवर राहते. म्हणून ती पडूच द्यायची नाही.

हे काम करते टीएलडी: टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पहिली दोन औषधं म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या खोट्या कड्या. त्यांना पुढची कडी अडकवायला जागाच नसते, त्यामुळे प्रत अर्धवट राहते. डोल्युटेग्राविरची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. इंटिग्रेज जिथे टाका घालतं तिथे मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्राविरच्या रेणूवर एका ओळीत बसलेले ऑक्सिजनचे अणू या दोन्ही आयनांना धरतात, आणि शिवणयंत्र जागच्या जागी अडकतं.

धातू दिसला की धरायचा, हा गुण पोटातही सुटत नाही. अत्याचारानंतर एकाच दिवशी इतर लैंगिक संसर्गांवरची अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, मेट्रोनिडॅझोल ही औषधं आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर ती रोखणारी लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, एवढं सगळं पोटात जातं. मळमळ ठरलेली. मग कुणीतरी मायेने अँटासिड देतं. त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं! डोल्युटेग्राविर तिथेच त्यांना चिकटतं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, पण त्या टीएलडीसोबत जेवणाबरोबर घेतल्या तर चालतात. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोलमध्ये असा धातूच नाही, त्यामुळे जळजळीवर ते बरं.

मग २८ दिवस कशाला? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही टोचून टेनोफोविर दिलं होतं. २४ तासांनी सुरू करून २८ दिवस दिलं ती सगळी वाचली. तेच १० दिवस दिलं तर निम्मी, आणि ३ दिवस दिलं तर एकही नाही. सुरुवात ४८ किंवा ७२ तासांवर गेली तरी वाचणाऱ्यांची संख्या घटली.

लिंबू किंवा जंतुनाशकाने आतून धुतल्याने विषाणू मरतो, हा समज घातकच. नाजूक त्वचा सोलवटते आणि त्याची वाट सोपी होते. काढे विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनचा हल्ली गाजावाजा आहे, पण ते संपर्काच्या आधीचं औषध आहे, नंतरचं नव्हे.

पहिला डोस तपासणीच्या अहवालासाठी अडवायचा नाही. एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हेपॅटायटिस बी यांसाठी रक्त घ्यायचं आणि गोळी द्यायची. हेपॅटायटिस बी असेल तर २८ दिवसांनी गोळी परस्पर बंद करू नये; टेनोफोविर त्या विषाणूलाही दाबून ठेवतं, आणि ते थांबलं की यकृताचा दाह उसळू शकतो. एचआयव्हीची चाचणी पुन्हा सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

तीन दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून ‘उरलेल्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) घ्या’ म्हटलं की पुष्कळ जणी परत येत नाहीत. २८ गोळ्या पहिल्याच दिवशी द्याव्यात.