ग्रुप सुटलाय की झिरो हललाय?

मे महिन्यात एका रात्री भाऊजींचा मनीष नगरहून फोन आला. "रायफल खराब निघाली हो. पोरगी एवढी मेहनत करून राहिली अन् स्कोअर खालीच जाऊन राहिला. परत करतो मी." भाचीसाठी नवी एअर रायफल घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी दोघं घरी आले. भाचीने शाळेच्या फाइलमध्ये नीट लावलेली टार्गेट आणली होती. त्यातली दोन, एक पहिल्या आठवड्यातलं आणि एक दुसऱ्या, मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

दोन्हींवर दहा-दहा गोळ्या आणि दोन्हींची बेरीज ८४. गडबड इथूनच सुरू होते, कारण बेरीज सारखी म्हटल्यावर दुखणंही सारखंच असणार असं वाटतं.

पहिल्या टार्गेटवर दहाही पेलेट, म्हणजे छर्रे, एकाच भोकातून गेल्यासारखे दिसत होते. काबुली चण्याएवढं एकच फाटकं भोक, पण मधोमध नाही, घड्याळात सात वाजतात त्या दिशेला. चार नऊ, सहा आठ, आणि दहा एकही नाही. दुसऱ्या टार्गेटवर भोकं चहूकडे विखुरलेली: दोन दहा, तीन नऊ, दोन आठ, तीन सात. भाऊजींनी बोट दुसऱ्यावर ठेवलं. "हे तरी बरं आहे. दोन दहा आहेत."

मी म्हटलं, पहिलं टार्गेट फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे, आणि काळजी करायचीच असेल तर दुसऱ्याची करा.

गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, तो ग्रुप. त्या ग्रुपचा मध्य टार्गेटच्या मध्यावर आहे की बाजूला, तो झिरो. रेंजवर दोन्हींना सरसकट "रायफल लागत नाहीये" असंच म्हणतात, पण दोन्हींचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचा. पेलेटची कड त्या ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा. त्यापुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. भाचीच्या पहिल्या ग्रुपमध्ये एका टोकाच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर होतं सुमारे चार मिलिमीटर. तोच ग्रुप जसाच्या तसा उचलून मधोमध ठेवला तर दहाच्या दहा गोळ्या दहात, ८४ चे थेट १००. त्यासाठी मागच्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, काही क्लिक (स्क्रूचे टप्पे) फिरवायचे, बस. दुसरं टार्गेट कुठेही सरकवून पाहा, काही उपयोग नाही. त्याचा मध्य आधीच मधोमध आहे. त्या टार्गेटचा झिरो उत्तम होता, फक्त ग्रुपच नव्हता.

आता भाऊजी काय करत होते? मुलीच्या मागे उभे राहून प्रत्येक गोळीनंतर सूचना देत होते. गोळी डावीकडे गेली, दोन क्लिक उजवीकडे. वर गेली, तीन क्लिक खाली. प्रेमापोटीच, पण एका गोळीवरून साइट हलवणं म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून मान्सूनचा अंदाज बांधण्यासारखं आहे. प्रत्येक गोळीची पूर्ण चूक पुढच्या गोळीआधी क्लिकने भरून काढत राहिलं, तर फैलाव कमी होत नाही, सुमारे १.४ पट होतो. कारण आता गोळीच्या मूळ थरथरीत आधीच्या गोळीची थरथरही मिसळते. म्हणून आधी साइटला हात न लावता दहा गोळ्या. पाच तरी. तीन गोळ्यांचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नये, तीन गोळ्या योगायोगानेही छान जमतात.

रायफलसोबत कंपनीचा टेस्ट कार्ड आला होता, त्यावर एकच सुबक भोक. भाऊजी तो पुरावा म्हणून घेऊन आले होते. "फॅक्टरीत अशी लागते अन् आमच्याकडे अशी." तो कार्ड खोटा नाही, पण नळी शिकंज्यात घट्ट बांधून मारलेला असतो. माणूस नाही, साइट नाही. म्हणजे तो ग्रुपबद्दल सगळं सांगतो आणि झिरोबद्दल चकार शब्द काढत नाही. उलट, दुकानातून "झिरो करून दिली आहे" म्हणून रायफल हाती ठेवली गेली होती, त्या बोलण्याला फारसा अर्थ नव्हता. मी झिरो केलेली रायफल भाची हातात घेते तेव्हा गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो, डोळा डायऑप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या बारीक भोकाच्या, मागे वेगळ्या अंतरावर येतो, आणि ग्रुप बाजूला जातो. झिरो करायचा तो जिचा खांदा तिनेच.

पण पहिल्या आठवड्यातला तो देखणा ग्रुप दुसऱ्या आठवड्यात का सुटला? ग्रुप बिघडण्याची कारणं ढीगभर असतात, त्यामुळे मी स्वस्त कारणापासून सुरुवात करतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, पुन्हा एकदा करून, एलन की घेतली. दस्ता आणि नळीचा भाग जोडणारे स्क्रू ठीक होते. मागच्या साइटचा क्लॅम्प मात्र बोटाने दाबला तर केसभर हलत होता. रोज क्लिक फिरवताना साइटला हिसके बसत होते, त्यात तो ढिला पडला असावा.

ढिली साइट हा फसवा प्रकार आहे. दोष झिरोचा, पण दिसतो ग्रुपचा. पहिल्या चार गोळ्या एका जागी, मग साइट सरकते, पुढच्या सहा दुसऱ्या जागी. कागदावर सगळ्या एकत्र पाहिल्या की वाटतं, फैलाव झाला. म्हणून दहा गोळ्या एकाच कागदावर मारण्याऐवजी पाच-पाचचे दोन कागद घ्यावेत. दोन छोटे घट्ट ग्रुप दोन वेगळ्या जागी दिसले तर काहीतरी सरकतंय, नळीला दोष देऊ नका.

क्लॅम्प आवळून आम्ही रविवारी दुपारी रेंजवर गेलो. आमची रेंज म्हणजे लांबट हॉल, आणि नागपूरचा मे म्हणजे कूलरशिवाय माणूस आत उभा राहणार नाही. रायफलचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवला, म्हणजे हाताची थरथर वजा. पहिले पाच पेलेट एकत्र पडले. पुढचे पाच आडवे पसरले. वर-खाली काही नाही, फक्त डावी-उजवीकडे. ट्रिगर खेचताना रायफल ढकलली गेली तरी असंच दिसतं, पण पिशवीवर? रेंजवरचा मदतनीस मागे बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, कूलरची जाळी फिरून राहिली न."

खरंच, बाजूच्या कूलरच्या पात्या इकडून तिकडे झुलत होत्या आणि झोत अधूनमधून लेनवरून जात होता. पेलेटचं वजन अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. आडवा झोत त्याला एखादं वर्तुळ सहज सरकवू शकतो. गंमत अशी की पात्या एका जागी अडकवून ठेवल्या असत्या तर झोत दर गोळीला सारखाच लागला असता, ग्रुप घट्ट राहिला असता आणि सगळा बाजूला गेला असता. तोच कूलर, तीच हवा. स्थिर असेल तर झिरो हलवतो, हलता असेल तर ग्रुप फोडतो. कूलर बंद केला, घामाने चष्मा धुरकट झाला, पण ग्रुप परत चण्याएवढा.

एवढं करूनही ग्रुप जमला नसता तर पुढची पाळी पेलेटची होती. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे माप लिहिलेले असतात, आणि एखाद्या नळीला यातला एकच आवडतो. कोणता, ते मारूनच कळतं. त्यानंतर नळीची सफाई, मग रायफलच्या सिलिंडरमधला हवेचा दाब. दाब फार उतरला की गोळ्या खाली पडू लागतात आणि भोकांची उभी रांग लागते. सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर सांगतो: भरलेल्या सिलिंडरसकट रायफल गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका. सिलिंडरवरची मुदतही बघत चला, ती पाळणं नेमबाजाचीच जबाबदारी असते.

भाचीला एक गोष्ट सांगितली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राची गोळी मध्यापासून भलतीच लांब गेली. रायफलच्या साइटला कोणीतरी हात लावला असावा, असं त्यानेच पुढे सांगितलं. त्या मिनिटांत त्याने नळी, पेलेट किंवा स्वतःची पद्धत यांवर शंका घेतली असती तर संपलंच होतं. त्याने साइट जागेवर आणली. शेवटची गोळी दशांशात मोजून १०.८, एकूण ७००.५, आणि सुवर्ण. भाची म्हणाली, "म्हणजे त्याचा झिरो हलला होता, ग्रुप नव्हता सुटला." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

मग शेवटी आम्ही क्लिक फिरवले. त्यातही एक खोच आहे. काही साइटवरची अक्षरं आणि बाण "गोळी कुठे जाईल" ते सांगतात, तर काहींवरची "गोळी आत्ता कुठे पडतेय" ते. पुस्तिका हरवली असेल तर चार क्लिक एका दिशेला फिरवा, पाच गोळ्या मारा आणि ग्रुप कुठे गेला ते बघा. भाचीचा ग्रुप उलट दिशेला गेला. तिने साइटच्या शेजारी पेन्सिलने बारीक बाण काढला आणि आठ क्लिक परत फिरवले.