रंग गेला, म्हणून पाणी स्वच्छ झाले का?

सोलापूरच्या पूर्व भागात रंगवलेल्या सुताच्या लड्या बांबूवर वाळताना दिसतात. सुताने न धरलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. कापडउद्योगातले पुष्कळसे रंग ॲझो गटातले असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. हा बंध हवेशीर पाण्यात सहसा टिकून राहतो, पण नाल्याच्या तळच्या काळ्या, प्राणवायूविना कुजणाऱ्या गाळात जिवाणू तो तोडतात. पाण्याचा रंग जातो आणि नाला सुधारला असे वाटते. प्रत्यक्षात तिथे ॲरोमॅटिक अमाइन्स (रंगाचा रेणू तुटून उरलेली नायट्रोजनयुक्त संयुगे) तयार झालेली असतात, त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात, आणि त्यांचे विघटन व्हायला बहुधा प्राणवायूच लागतो. म्हणून आधी हवाबंद टाकी आणि नंतर पाणकणीस लावलेला खडीचा वाफा, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणकणीस पानांतून घेतलेली हवा मुळांपर्यंत पोहोचवते आणि मुळांभोवतीचे जिवाणू उरलेले काम करतात.

धातूंचे मात्र विघटन होतच नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तांबे, जस्त, शिसे सापडले, तर आपली काळी जमीन काही अंशी मदतीला येते, कारण तिच्या चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि ती धनभारित धातू धरून ठेवते. सहा संयुजेचे क्रोमियम ऋणभारित रूपात वावरत असल्याने तिच्या हाती लागत नाही आणि भूजलात उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे. मातीत कुजलेले शेणखत मिसळले, तर सहा संयुजेच्या क्रोमियमचे तीन संयुजेच्या, कमी विषारी आणि कमी फिरणाऱ्या रूपात रूपांतर व्हायला मदत होते. पण उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी मातीत न मुरता त्यांतून थेट खाली जाते. त्यामुळे अशी जागा मृगापूर्वी आच्छादलेली हवी. खोल मुळांचा वाळा माती बांधून ठेवतो; धातू शोषलेले त्याचे गवत मात्र शेळ्यांपुढे टाकू नये.

धरणांतला गाळ शेतात पसरण्याची सरकारी योजना 2017 पासून आपल्याकडे रुजली आहे आणि ती शेतकऱ्यांच्या हिताची आहे. रंगकामाचे पाणी मिळालेल्या नाल्याचा गाळ तसाच ट्रॉलीत भरून शिवारात नेणे वेगळे. तो आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.