दुर्बिणीतून केलेला हर्निया परत होत नाही?

अनेक वर्षं फिरणारा मेसेज असा: “हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतूनच करा, म्हणजे तो परत होत नाही, पोट उघडून करणं आता कालबाह्य आहे.”

असं वाटणं साहजिक आहे. छोट्या छिद्रांतून केलं की दुखणं सहसा कमी, घरी लवकर जाता येतं आणि जखमेत पू होण्याचा धोकाही बराच कमी. इतकं खरं आहे. पण हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेली फट, आणि ती पुन्हा उघडू नये म्हणून बहुतेक वेळा जाळी बसवतात, दोन्ही पद्धतींत. परत होण्याचं प्रमाणही दोन्हींत साधारण सारखंच आढळतं. खरा फरक पडतो तो फट किती रुंद, जाळी कडेच्या पलीकडे किती पसरली, धूम्रपान, लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी.

शिवाय दुर्बिणीसाठी बहुधा पूर्ण भूल लागते आणि आतड्याला इजा होण्याचा धोका क्वचित, पण असतो. बेंबीजवळची १ सेंमीची फट दुर्बिणीशिवाय, छोट्या छेदातून सहज शिवता येते. फट १० सेंमीहून मोठी असेल तर अनेकदा पोट उघडणंच योग्य ठरतं.

पडताळायचं असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये फटीची रुंदी बघा. मग सर्जनना विचारा: जाळी कुठल्या थरात बसवणार, भूल कोणती, आणि माझ्या बाबतीत हीच पद्धत का?