नागपंचमीची कहाणी आणि शिराळ्याची दंतकथा

श्रावणात नागपंचमीला घरी जी कहाणी वाचली जाते आणि सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात त्याच सणाबद्दल जे सांगितलं जातं, त्या दोन्हींत नाग आहे, पूजा आहे आणि घरातली एक भाविक बाई आहे. म्हणून संग्रह करणारे दोन्ही गोष्टी ‘लोककथा’ म्हणून एकाच पुस्तकात शेजारीशेजारी छापतात आणि सारख्याच भाषेत लिहून काढतात. तिथेच दोन्हींचं नुकसान होतं. पहिली कहाणी आहे, दुसरी दंतकथा. दोन्ही तोंडी चालत आल्या असल्या, तरी त्यांना टिकवून धरणारी गोष्ट वेगळी आहे, आणि त्यामुळे त्यांतला नागही वेगळा घडला आहे.

कहाणीला गाव नसतं. ‘आटपाट नगर होतं’ एवढ्यावर भागतं. नागपंचमीच्या कहाणीत ब्राह्मणाला पाच-सात सुना, बाकीच्या माहेरी-आजोळी गेलेल्या, धाकटीला मात्र माहेरचं कुणीच नाही. नागोबाच मला न्यायला येईल असं ती मनाशी म्हणते आणि तो ब्राह्मणाच्या रूपात मामा म्हणून येतो. पुढे नागीण बाळंत होताना हिच्या हातून दिवा पडतो, पिलांची शेपटं भाजतात. मोठी झाल्यावर ती पिलं सूड घ्यायला येतात, तर ही पाटावर नाग काढून पूजा करते आहे आणि आपले भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत असं मागते आहे. राग तिथेच विरतो.

या नागाला फण्याची लांबी नाही, रंग नाही, बिळाचा पत्ता नाही. त्याला नातं आहे. सासरी श्रावण काढणाऱ्या बाईनेच बाईला सांगितलेल्या गोष्टीत प्राण्याचा मामा आणि भाऊ झाला, यात मला नवल वाटत नाही. ऐकणारीला जे हवं होतं तेच त्याच्या अंगी आलं.

कहाणीचे शब्द सहसा ढळत नाहीत, कारण सांगणं हाच विधीचा भाग आहे. हातात अक्षता घेऊन ऐकायचं आणि शेवटी ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणायचं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर सांगणं कथेतच शिरलं आहे. वाटेत राणीला मोळीविक्या भेटतो, मग माळी, मग मुलं गमावलेली म्हातारी. प्रत्येक वेळी सहा मोत्यांतली तीन त्याला, तीन स्वतःला, आणि कहाणी पुन्हा मनोभावे सांगायची, चित्तभावे ऐकायची. छापताना ‘पुनरुक्ती’ म्हणून हे गाळणारे संपादक कहाणीचा कणाच काढून घेतात. ती आवर्तनं आहेत म्हणून न लिहितावाचता कहाणी तोंडपाठ राहते.

शिराळ्याची गोष्ट अगदी निराळ्या रीतीने चालते. तिथे गोरक्षनाथ भिक्षेला महाजन घराण्याच्या दारी येतात. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत असल्याने भिक्षेला उशीर होतो. जिवंत नागाची पूजा करशील का, असं नाथ विचारतात आणि मातीचा नाग जिवंत करतात. म्हणून शिराळ्यात जिवंत नाग पुजू लागले.

या गोष्टीला ठरलेली वाक्यं नाहीत. सांगणारा आपल्या शब्दांत सांगतो, तपशील कमीजास्त करतो. ती धरून ठेवतं ते गाव, ते घराणं, ती प्रथा. ‘म्हणून इथे असं करतात’ हे तिचं शेवटचं वाक्य असतं आणि ऐकणाऱ्याने ते खरं मानावं अशी तिची अपेक्षा असते. कहाणी खरी की खोटी हे सहसा कुणी विचारत नाही. दंतकथेला तो प्रश्न कायम चिकटलेला असतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि पुढे न्यायालयाच्या आदेशामुळे जिवंत नाग पकडण्यावर बंधन आलं, तेव्हा ही गोष्ट परंपरेचा पुरावा म्हणून पुढे आली. कहाणीवर अशी वेळ येत नाही, तिला पाटावरचा नाग पुरतो.

दंतकथेतला प्राणी जागा बदलू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. सिंहगडाची घोरपड घ्या. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ती आधी परतते, तानाजी दटावतो, मग कडा चढते. १६९७च्या सभासद बखरीत घोरपड नाही. मावळे वानरांसारखे कडा चढून गेले एवढंच आहे. आणि मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा हीच करामत बहमनी काळात, खेळणा किल्ल्यावर (म्हणजे विशाळगडावर) घडल्याचं सांगते. म्हणजे १६७०च्या लढाईला ही घोरपड आधीच्या एखाद्या गोष्टीतून येऊन चिकटली असणं सहज शक्य आहे. घोरपड माणसाचं वजन पेलेल का यावर वाद घालणारे हा प्रवास बघतच नाहीत.

नोंद करायची तर रीतही वेगळी हवी. कहाणी एकाच तोंडून, मध्ये न थांबवता, आवर्तनांसह टिपावी. कोणता वार, हातात काय, शेवटी अक्षता कुठे वाहिल्या हे लिहावं. अडलेला शब्द विचारायचा तो नंतर. दंतकथा त्याच जागी उभं राहून चार-पाच जणांकडून स्वतंत्रपणे घ्यावी, एकाचं दुसऱ्याला ऐकवू नये. सगळ्यांचं मिळून एक ‘पूर्ण’ रूप तर मुळीच तयार करू नये. घराणं, पुजारी आणि बाहेरून आलेला दुकानदार यांच्या सांगण्यात नेमका कोणता तपशील बदलतो, तो ज्याच्या त्याच्या नोंदीत तसाच राहू द्यावा.